किंकाळी कोणाची, आवाज कोणाचा?

या लेखात मी सात अल्बमची क्रमवारी लावणार आहे, आणि तेही डेथ मेटल या प्रकारातल्या. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत कौटुंबिक हिंसेच्या तक्रारींवर काम करणारी बाई असलं संगीत ऐकते हे कळलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोन प्रश्न उमटतात. पहिला, ‘याला संगीत म्हणायचं का?’ दुसरा जास्त गंभीर, ‘बायकांची कत्तल गाणारं संगीत तुला चालतं कसं?’ पहिल्याचं उत्तर थोडक्यात देते. दुसऱ्यासाठी हा सगळा लेख.

डेथ मेटल १९८०च्या दशकात अमेरिकेत आकाराला आलं. कॅलिफोर्नियातल्या ‘पझेस्ड’चा ‘सेव्हन चर्चेस’ १९८५ साली आला, फ्लोरिडातल्या ‘डेथ’चा ‘स्क्रीम ब्लडी गोअर’ १९८७ साली. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खाली उतरवलेल्या, ड्रमवर दोन्ही पायांचा मारा, आणि शब्द गाण्याऐवजी गुरगुरलेले. विषय म्हणजे मरण, रोग, युद्ध, कुजणं. हे परक्यांचं खूळ म्हणून झटकून टाकण्याआधी एवढं आठवावं, की भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ रसांत रौद्र, भयानक आणि बीभत्स हे तीन आहेत. करुण आणि शृंगार आपण घराघरात नेले, हे तीन मात्र उंबऱ्याबाहेर ठेवले. मुंबईतल्या एका बँडने आपलं नावच ‘भयानक मौत’ ठेवलं. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चे कार्यक्रम व्हायचे. पुढे शांतता क्षेत्राचा नियम आडवा आला आणि रंगभवनातला तो आवाज बंद झाला. माझ्या पिढीने तो काळ फक्त ऐकून माहीत करून घेतला.

आता आवाजाचंच म्हणाल, तर आमच्या भागात हळदीच्या रात्री डीजेपुढे उभं राहून बघा. छातीची फासळी थरथरते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, हे २०००च्या नियमांपासून कागदावर आहे. त्या डीजेवर मुलीचा पाठलाग करणारी, तिच्या ‘नाही’ला ‘हो’ समजणारी गाणी वाजतात आणि सहा वर्षांची पोरं त्यावर नाचतात. त्याला कोणी विकृत म्हणत नाही. कर्जत–खोपोली लोकलमध्ये पळसदरीपासून लौजीपर्यंत कानात वायर घालून मुकाट बसलेली बाई मात्र लोकांना विचित्र वाटते.

मी हे ऐकते ते रागासाठी. आमच्या गटाच्या बैठकीत एकदा विचारलं होतं, ‘शेवटचं मोठ्याने कधी ओरडलात?’ उत्तरं अशी आली : घरात साप निघाला तेव्हा, पोर विहिरीकडे धावलं तेव्हा, देवी अंगात आली तेव्हा. स्वतःसाठी, स्वतःच्या रागाने, एकीनेही नाही. शिमग्याला पुरुषाला पालथा हात तोंडावर मारून बोंब ठोकायची मुभा आहे. बाईला मोठा आवाज काढायचा असेल तर आधी देवी व्हावं लागतं. जात्यावरच्या ओवीत सासरचा राग भरपूर आहे, पण तो पहाटे, जात्याच्या घरघरीखाली म्हटलेला.

याची किंमत फार व्यवहारी आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसा मानलं. पण अर्ज घेऊन जाणारी बाई रडत असेल तर तिचं ऐकून घेतात. ती संतापलेली असेल, टेबलावर हात आपटून बोलत असेल, तर ‘बाईच तोंडाळ दिसते, नवरा तरी काय करणार’ असा शेरा कानावर पडतो. हा शेरा मी दोन्ही तालुक्यांत, वेगवेगळ्या टेबलांवर ऐकला आहे. मार खाल्लेल्या बाईने सभ्यही असावं अशी अपेक्षा आहे. म्हणून बाईच्या रागाला कुठे आकार मिळतो, हा प्रश्न मला करमणुकीचा वाटत नाही.

आता दुसरा प्रश्न. हो, या संगीतात बाईची कत्तल आहे. ‘कॅनिबल कॉर्प्स’ हा या प्रकारातला अतिशय खपणारा अमेरिकन बँड. त्यांच्या १९९१ आणि १९९२ सालच्या अल्बममध्ये बाईच्या शरीराचं जे काही केलं जातं ते मी इथे लिहिणार नाही. जर्मनीत त्यांच्या पहिल्या तीन अल्बममधली गाणी मंचावर वाजवायला २००६पर्यंत बंदी होती. ‘हे सिनेमातल्या भीतीसारखं काल्पनिक आहे,’ असं त्यांचे चाहते म्हणतात. असेल. पण या कल्पनेत दर वेळी मरायला बाईच का लागते, याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

तरी मी बंदी मागत नाही. स्त्रियांचं असभ्य प्रदर्शन रोखणारा कायदा १९८६ साली आला. आपल्या चळवळीने पोस्टरना काळं फासलं, त्यामागचा संताप खरा होता. पण बंदीची कात्री सरकारच्या हातात गेली की ती आधी कोणाचं तोंड कापते हेही आपण पाहिलं आहे. शिवाय रक्त दिसलं म्हणून बंदी घालायची, तर परशुरामाने बापाच्या आज्ञेवरून आईचं, रेणुकेचं, शिर उडवलं ही गोष्ट आपण पोरांना आज्ञाधारकपणाचा धडा म्हणून सांगतो, तिचं काय करायचं?

म्हणून मी रक्त मोजत नाही. माझी कसोटी एकच आहे : या अल्बममध्ये आवाज कोणाला आहे, आणि किंकाळी कोणाच्या वाट्याला आली आहे? राग वरच्यावर निघतो आहे की पायाखालच्यावर? बाई फक्त किंचाळण्यापुरती असेल, तर वादन कितीही अव्वल असलं तरी तो अल्बम माझ्या यादीत नाही. ही यादी सातव्यापासून पहिल्यापर्यंत.

सातवा : ‘दशावतार’, २०१७. मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’चा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गाणं. साहिल मखिजाने हा बँड २००० साली सुरू केला. आपल्या पुराणांत किती संहार भरला आहे, हे या अल्बमने न लपवता समोर ठेवलं. तो सातवा अशासाठी, की दहाही अवतार पुरुषच. त्याला बँड काय करणार? पण यादी माझी आहे.

सहावा : ‘हार्मनी करप्शन’, १९९०. इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधल्या ‘नेपाम डेथ’चा. कारखान्यांच्या या शहरातून आलेला हा बँड वंशवाद्यांच्या आणि धनदांडग्यांच्या विरोधात उघड भूमिका घेत आला आहे. हा अल्बम त्यांनी फ्लोरिडात, डेथ मेटलच्या माहेरी जाऊन ध्वनिमुद्रित केला. इथे राग सरळ वरच्या दिशेला जातो. खालापूरच्या कारखान्यांत कंत्राटावर राबून, हक्काचा कागद हातात न पडता घरी बसवलेल्या बायकांशी बोलून परतताना मी हाच लावते.

पाचवा : ‘वेजेस ऑफ सिन’, २००१. स्वीडनच्या ‘आर्च एनिमी’चा. आधीचा पुरुष गायक गेल्यावर त्यांनी जर्मनीची अँजेला गॉसो घेतली. अल्बम ऐकून हा बाईचा आवाज आहे असं बऱ्याच जणांना ओळखता आलं नाही. गुरगुरण्यासाठी पुरुषाचा गळा लागतो हा समज तिथे मोडला. लागते ती श्वासावरची पकड, आणि गळ्याला इजा न होऊ देण्याचं शिक्षण. ती २०१४ साली गायनातून बाजूला झाली आणि बँडचं व्यवस्थापन पाहू लागली. शब्द मला थोडे घोषणांसारखे वाटतात, म्हणून पाचवा.

चौथा : ‘नेक्रोटिसिझम’, १९९१. लिव्हरपूलच्या ‘कारकस’चा. नावाचा अर्थच जनावराचं मढं. यांची गाणी वैद्यकीय शब्दकोशातून उचलल्यासारखी आहेत. ती गाणारे दोघे, जेफ वॉकर आणि बिल स्टीअर, शाकाहारी! मला इथे दोन गोष्टी दिसतात. एक, कापलं जाणारं शरीर मुख्यतः माणसाचं आहे, खास बाईचं म्हणून चवीने कापलेलं नाही. दुसरी माझ्या कामातली. भाजून मेलेल्या सुनेचा शवविच्छेदन अहवाल ज्या थंड भाषेत लिहिलेला असतो, त्या भाषेची भीती या बँडने ओळखली आहे. ‘इतके टक्के भाजल्याने मृत्यू’ या ओळीत काडी कोणी ओढली ते नसतं. हुंडाबळीचं कलम १९८६ साली आलं, २०२४च्या जुलैपासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८० झालं. स्टोव्हच्या जागी गॅस आला. अहवालाची भाषा तीच आहे.

तिसरा : ‘ह्यूमन’, १९९१. ‘डेथ’चा. चक शुल्डिनर हा या बँडचा कर्ता. सुरुवातीला त्यानेही रक्ताचीच गाणी लिहिली. पण १९९०पासून तो समाजाकडे वळला, ‘ह्यूमन’मध्ये माणसाच्या मनाकडे. चार वर्षांत माणूस एवढा वाढू शकतो, हे मला नवऱ्यांच्या समुपदेशनाला बसताना आठवावं लागतं. या अल्बमवर वाजवणाऱ्या चौघांपैकी पॉल मास्विडल आणि शॉन राइनर्ट या दोघांनी २०१४ साली आपण समलिंगी असल्याचं जाहीरपणे सांगितलं. मर्दानगीचा एवढा डंका पिटणाऱ्या संगीतातला हा शिखराचा अल्बम, आणि त्याच्या गिटारमागे नि ड्रममागे बसलेल्या दोघांना हे उघड बोलायला तेवीस वर्षं लागली. पुरुषप्रधान व्यवस्था पुरुषांचाही आवाज दाबते, हे आपण भाषणात सांगतो. इथे ते ऐकू येतं.

दुसरा : ‘डिफाइल्ड इन सर्व्हिट्यूड’, २०२२. ‘कॅस्ट्रेटर’चा. हा सगळा बँड बायकांचा. बँडचं नावच पुरुषांच्या कत्तलगाण्यांना दिलेलं उत्तर आहे. २०१५च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत घराण्याच्या इज्जतीसाठी मुलीला मारण्यावर गाणं होतं. या अल्बममध्ये मलाला युसुफझाईवर आहे. ज्या भाषेत बाईला कापलं, त्याच भाषेत बाईने जाब विचारला आहे. मग पहिला का नाही? कारण सूडाचं गाणं ऐकताना बरं वाटतं, पण सूड हेही समोरच्याने आखलेल्या मैदानातच खेळणं आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींना नवऱ्याचा जीव नको असतो. त्यांना झोप हवी असते, पोरांची शाळा हवी असते, घराची किल्ली हवी असते.

पहिला : ‘द फोर्थ क्रुसेड’, १९९२. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या ‘बोल्ट थ्रोअर’चा. चाल संथ, जड, रणगाड्यासारखी. विषय युद्ध. मुखपृष्ठावर फ्रेंच चित्रकार द्लाक्रवाचं १८४०चं चित्र आहे. १२०४ साली धर्मयुद्धाला निघालेले ख्रिस्ती सैनिक आपल्याच धर्माच्या कॉन्स्टँटिनोपल शहरात घुसून लूट करतात, तो प्रसंग. वर घोड्यांवर विजेते. खाली उजवीकडे एक बाई दुसऱ्या कोसळलेल्या बाईवर ओणवी झाली आहे. धर्म, विजय, झेंडे हे सगळं कोणाच्या अंगावरून जातं, ते चित्रकाराने खालच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं आहे.

आणि या बँडचा खालचा स्वर, बास गिटार, १९८७पासून बँड थांबला त्या २०१६ सालापर्यंत एका बाईच्या हातात होता. तिचं नाव जो बेंच. तिला नटवून पुढे उभं केलेलं नाही, ‘बाई असूनही वाजवते’ असं कौतुक करून घेतलेलं नाही. जवळजवळ तीस वर्षं ती आपल्या जागी उभी राहून वाजवत राहिली. बास काढून घेतला तर हे संगीत पोकळ होतं, आणि तो असताना बहुतेकांचं त्याच्याकडे लक्षही जात नाही. घरकामाचंही तसंच आहे. फरक इतकाच, की अल्बमवर जोचं नाव छापलेलं आहे. बाई किंकाळीपुरती नाही, सूडापुरतीही नाही, ती कामात बरोबरीची आहे. पहिला नंबर मी यासाठी दिला.

ही यादी तुम्ही ऐकावी असा माझा आग्रह नाही. कित्येकींना दोन मिनिटांतच डोकं उठल्यासारखं होईल, आणि ते अगदी रास्त आहे. आग्रह आहे तो कसोटीचा. ती हळदीच्या डीजेला लावा, सिनेमाच्या गोड गाण्याला लावा, भजनाला आणि लावणीलाही लावा. आवाज कोणाचा, आणि सोसणं कोणाच्या वाट्याचं? पुष्कळ गोड गाणी या कसोटीत नापास होतील, आणि काही कर्कश गाणी पास. आमच्या पुढच्या शिबिरात मी एक तास यासाठी मागितला आहे. प्रत्येकीने आपल्या गावात लग्नाला वाजणारी पाच गाणी आणायची, त्यांची क्रमवारी लावायची आणि कारण सांगायचं. मोठ्याने.