‘वेळ नाही’ हे कारण आता पुरे!

“डॉक्टर, ऑफिसमुळे व्यायामाला वेळच मिळत नाही.” वाशिम असो, रिसोड असो की कारंजा, शुगर-बीपी वाढले की हेच उत्तर. मला ते मान्य नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. आठवड्याची मिनिटे १०,०८०. म्हणजे मागणी जेमतेम दीड टक्क्याची! एका वेळी सलग दहा मिनिटे हवीत, ही जुनी अटही २०२० मध्ये गेली.

राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. कामाचे तास वाढले, मान्य. पण मिळालेला शनिवार कुठे जातो?

आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी नको, सकाळी सहाला चाला. ऑफिसात जिना चढा, फोनवर उभ्याने बोला. जेवणानंतर दहा मिनिटे चाललात, तरी स्नायू रक्तातली साखर वापरतात. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. चालताना छातीत दुखले किंवा दम लागला, तर थांबा आणि आधी तपासून घ्या.

दवाखान्यात नंबर लावून बसायला वेळ काढताच ना? तोच आधी चालायला काढा.