बोजोले 'हलकी' कोणाच्या ताटात?

मराठीत 'हलके' या विशेषणाला दोन अर्थ आहेत : वजनाने हलके आणि दर्जाने हलके. फ्रान्सच्या बोजोले प्रांतातील तांबड्या वाइनविषयी बोलताना जाणकार म्हणवणारी मंडळी पहिल्या अर्थाने आरंभ करतात आणि वाक्य संपेपर्यंत दुसऱ्या अर्थावर येऊन ठेपतात. आमचा आक्षेप या घसरणीला आहे.

हा निवाडा जुना आहे. १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने 'गामे' जातीच्या द्राक्षवेली उपटून टाकण्याचे फर्मान काढले. फर्मानात ही वेल चक्क 'बेइमान' ठरवली गेली. ती भरघोस पिकते, पण तिची वाइन वाईट निघते, हा आरोप. मोजके पीक देणारी पिनो न्वार तेवढी खानदानी! ड्यूकच्या अमलाबाहेर, दक्षिणेकडील बोजोलेच्या टेकड्यांवर, ग्रॅनाइटच्या जमिनीत मात्र गामे छान रुजली. बोजोलेची तांबडी वाइन आजही याच द्राक्षाची असते.

तिचे हलकेपण हा अपघात नव्हे. तेथील रूढ पद्धतीत द्राक्षे न चिरडता अख्खे घोसच टाकीत भरतात. कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या टाकीत आंबण्याची क्रिया मण्याच्या आतच सुरू होते. त्यामुळे सालीबियांचा तुरटपणा कमी उतरतो. फळाचा गंध आणि तजेलदार आंबटपणा टिकतो. म्हणूनच ही वाइन किंचित गार करून पितात.

आता ती कोणाच्या ताटाशेजारी वाढली ते पाहू. जवळचे शहर ल्यों, रेशीम विणकरांचे. १८३१ आणि १८३४ साली बंड करून उठले ते हेच विणकर. पहाटेपासून मागावर राबल्यावर सकाळीच त्यांची भरपेट न्याहारी होई. तिला 'माशों' म्हणतात. तीत डुकराचे मांस, आतडी, बटाट्यांसह गरम सॉसेज आणि सोबत बोजोले. ल्योंच्या 'बूशों' नावाच्या खाणावळींत आजही हे पदार्थ मिळतात आणि वाइन जाड बुडाच्या, ४६ सेंटीलिटरच्या बाटलीतून येते. चरबीने जड झालेली जीभ आंबटपणाने मोकळी होते व पुढचा घास हवासा वाटतो. तळलेल्या मासळीवर लिंबू पिळणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. बोर्दोची तुरट, भारदस्त वाइन भाजलेल्या गोमांसापुढे शोभते, याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्या ताटाची कसोटी या ताटाला का लावावी?

यावर 'नूव्हो'कडे बोट दाखवले जाईल. हंगामानंतर काही आठवड्यांतच बाजारात येणारी ही कोवळी वाइन १९८५ पासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीस निघते. तिच्या गाजावाजात पुष्कळ सुमार माल खपला, हे मान्य करायलाच हवे. बोजोलेच्या बदनामीत बोजोलेवाल्यांचाही हात आहे. परंतु याच प्रदेशातील दहा गावपट्टे स्वतःच्या नावाने वाइन काढतात. त्यांपैकी मॉर्गों आणि मूलाँ-आ-व्हाँ येथील चांगल्या बाटल्या वर्षानुवर्षे मुरतात. दिवाळी अंकांच्या ढिगातील एक फसलेली कथा वाचून कोणी मराठी कथेवर निकाल देतो काय?

खरा दोष परीक्षेच्या रीतीत आहे. पेल्यांची रांग मांडायची, घोट घ्यायचा, थुंकायचा, शंभरपैकी गुण द्यायचे. समोर अन्नाचा कण नाही. अशा रांगेत जी वाइन मोठ्याने बोलते ती जिंकते. जी जेवणाशी बोलते ती मुकी ठरते.

आम्हा साहित्य शिकवणाऱ्यांना यावर हसण्याचा अधिकार नाही. 'प्रादेशिक' हा वर्णनाचा शब्द आपण श्रेणीचा शब्द करून टाकला. 'चांगली, पण प्रादेशिक' असे शेरे आम्हीही वर्गात दिले आहेत. कादंबरी तिच्या बोलीतून, माणसांतून, श्रमातून उचलून नागर वाचनाच्या टेबलावर ठेवायची आणि मग ती तोकडी वाटते म्हणायचे, हा ड्यूकचाच न्याय झाला.

असो. बोजोले जगातील सर्वश्रेष्ठ वाइन आहे असा आमचा दावा नाही. सोबत काय खायचे, हा प्रश्न वाइनच्या मूल्यमापनानंतरचा नसून मूल्यमापनाचाच भाग आहे, एवढेच म्हणणे आहे. ज्यांना ते अमान्य असेल त्यांनी गरम सॉसेज आणि बटाटे समोर घेऊन दोन्ही पेले पुन्हा चाखावेत. गुण नंतर द्यावेत.