सोळा तासांचं माहेर

परवा शेजारच्या वहिनी पेढे घेऊन आल्या. लेकीचं ठरलं, जावई न्यू जर्सीला. मी म्हटलं, "लांब आहे हो." तर म्हणाल्या, "लांब कसलं? मुंबईहून थेट विमान, सोळा तासांत पोचतं!"

मैत्रिणींनो, माझ्या ताईच्या लग्नात आम्हीही असंच म्हणालो होतो.

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर दोरा धरून बघा, तो सरळ पश्चिमेला जात नाही. वर उत्तरेकडे, ग्रीनलंडच्या अंगाने जातो. तीच जवळची वाट. येताना वारा पाठीशी असतो, म्हणून परतीचं विमान बहुधा तास-दीड तास लवकर पोचतं. हे सगळं खरं. पण हा हिशोब विमानतळ ते विमानतळ. आपण काही विमानतळावर राहत नाही!

डिसेंबर 2019 मध्ये आईची तब्येत अचानक बिघडली. मी ताईला फोन केला तेव्हा इथे रात्रीचे आठ, तिकडे सकाळचे साडेनऊ. थेट विमानात जागा नव्हती. घरातून निघून विमानतळावर थांबणं पाच तास. दोन विमानं आणि मधला थांबा मिळून एकवीस. मुंबईत बॅगा घेऊन रात्रीच्या गाडीची वाट बघण्यात आठ. पुढे लातूरपर्यंत दहा. झाले चव्वेचाळीस तास. आई गेली तेव्हा ताई मुंबईत गाडीची वाट बघत होती.

यात चूक कुणाचीच नव्हती. पण एक गोष्ट मला अजून टोचते. ताई अकरा वर्षं आईला बोलवत होती. आईचं एकच, "एवढ्या लांब मला कुठं जमायचं?" पासपोर्टसुद्धा काढला नाही. हिंडती-फिरती होती तेव्हा ती ते सोळा तास सहज बसली असती. आम्हीही कधी आग्रह धरला नाही.

म्हणून सांगते, लेक परदेशी द्यायला घाबरू नका, पण तास मोजायचे तर आपल्या उंबऱ्यापासून मोजा. आणि लग्नाच्या खरेदीबरोबरच स्वतःचा पासपोर्ट काढून ठेवा. एकदा काढला की दहा वर्षं चालतो. 2017 पासून कितीतरी गावांत पोस्टातही ती सोय झाली आहे. व्हिसाला वेळ लागतो, तेव्हा अडचण येईपर्यंत थांबू नका. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागता येते. इंग्रजी येत नाही म्हणून अडून बसू नका. बाळंतपणाला जाणाऱ्या कितीतरी आया विमानात भेटतील.

वहिनींना मी एवढंच विचारलं, "लेकीचा पासपोर्ट झाला, तुमचा?"

त्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशी कागदपत्रांची पिशवी घेऊन माझ्या दारात हजर!