उबदार वायर

वायरला स्वभाव असतो हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर माझी भाबडी समजूत अशी, की वायर एक तर जोडलेली असते नाही तर तुटलेली. शेजारच्या अण्णांनी ती एका रविवारी सकाळी मोडून काढली.

सीडी प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडायच्या दोन वायरी अण्णांनी घरी आणल्या होत्या. दोन्ही मीटरभर लांब, दोन्ही आठ-आठ हजारांच्या. एक इंग्लंडच्या कंपनीची, दुसरी अमेरिकेच्या. एक ठेवायची, दुसरी सात दिवसांत परत. मुलीला आलेली स्थळं अण्णांनी एकट्यानं निकालात काढली होती, पण वायरीसाठी त्यांना माझा सल्ला हवा होता.

"ऐक नीट," अण्णा म्हणाले, "ही इंग्लंडची जरा उबदार आहे. अमेरिकेचीत हवा जास्त."

मी हात लावून पाहिला. दोन्ही गारच होत्या.

आता तुम्हीच सांगा. सीडी प्लेअरमधून साधारण २ व्होल्टचा सिग्नल निघतो. पुढे अ‍ॅम्प्लिफायर १०,००० ओहम किंवा त्याहून जास्त रोध घेऊन बसलेला. त्याच्यापुढे मीटरभर तांब्याचा एका ओहमच्याही आतला रोध म्हणजे पर्वती चढून आलेल्याला देवळाचा उंबरठा! वायरीच्या धारकतेमुळे वरचे स्वर कापले जातात म्हणतात. जातात की, पण सेकंदाला लाखो कंपनांच्या पुढे. माणसाचा कान २०,००० ला हात टेकतो, आणि आमच्या वयाचा तर त्याच्या कितीतरी अलीकडे.

रेकॉर्ड प्लेअरची गोष्ट वेगळी, हे कबूल करतो. सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, तिथे वायरीची धारकता आणि वरचं जाळीचं आवरण यांना महत्त्व आहे. पिनपाशी सुटलेली वायरही लगेच ओळखू येते. शेजाऱ्यांनासुद्धा.

पण माझा खरा राग आहे तो या 'सारख्या किमतीच्या' तुलनेवर. आठ हजारांची आठ हजारांशी लावायची, पन्नास हजारांची पन्नास हजारांशी. दिसायला केवढा न्याय! पण तपकीर गल्लीतल्या तीनशे रुपयांच्या वायरीला या आखाड्यात उतरूच देत नाहीत, कारण ती म्हणे वजनी गटात बसत नाही. त्या दोघींना चीतपट करायची गरजच नाही हो तिला, नुसती बरोबरीत सुटली तरी पुरे. म्हणून तर तिला दाराबाहेर उभी करतात.

आणखी एक गंमत. नवी वायर दोनशे तास वाजवली की 'मोकळी' होते, असं दुकानदारानं अण्णांना सांगितलं होतं. सात दिवसांचे तास होतात एकशे अडुसष्ट. म्हणजे वायर मोकळी होईपर्यंत दुकानदार मोकळा.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दोघं पाठ करून बसा. मी नाणं उडवून वायरी बदलते, तुम्ही कागदावर लिहा." दहा फेऱ्या ठरल्या. सीडी किशोरीताईंच्या भूपाची. मागे खुडबुड व्हायची, गाणं सुरू व्हायचं, आम्ही लिहायचो. अण्णांना सहा वेळा अमेरिका ऐकू आली, मला सात वेळा इंग्लंड. आठव्या फेरीला तर 'तानपुऱ्याची जवारी आता खुलली' असं मी लिहून बसलो. इतका वेळ वायरीला हसणारा मी! आणि खोटं नाही सांगत, मला ती खरोखरच खुललेली ऐकू आली होती.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात हो. तिसऱ्या वेळेनंतर मी नुसतीच खुडबुड करत होते."

"मग लागली होती कोणती?" अण्णांचा आवाज बारीक झाला होता.

"ती मशीनच्या खोक्यात फुकट आलेली काळी नाही का? तीच. तिसऱ्या वेळी तीच हाताला लागली."

अण्णा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मलाही त्यांच्याकडे बघवेना. हेच अण्णा एकेकाळी रमणबागेत सवाई गंधर्वला शाल पांघरून पहाटेपर्यंत बसायचे. एखादा गंधार लागला की चष्मा काढून डोळे पुसायचे. तिथल्या कर्ण्यांना कोणती वायर आहे हे त्यांनी जन्मात कधी विचारलं नाही. गेले सहा महिने मात्र त्यांच्या घरी आलाप सुरू झाला रे झाला, की 'बेस जरा सैल वाटतो का रे?' म्हणून माझ्या गुडघ्यावर थाप पडते. गाणारी बाई आर्ततेनं आळवते आहे, आणि आम्ही तपासतोय तिच्या पाठीमागची वायर!

वहिनी चहा टाकायला आत गेल्या. जाता जाता त्यांनी सीडी पुन्हा पहिल्यापासून लावली. आलाप सुरू झाला, पुढे बंदिश आली. थाप पडेल म्हणून मी गुडघा जरा लांब घेऊन बसलो होतो. अण्णांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. काचा स्वच्छ होत्या.

चहा आला तो निवला. कोणती वायर लावली आहे हे वहिनींना कुणी विचारलं नाही.