सभा शांततेची, कसोटी मोहल्ल्याची

मुंबई, विशेष प्रतिनिधी

सर्वधर्म सभेचे चित्र शहरवासीयांच्या चांगले परिचयाचे आहे. व्यासपीठावर पंडित, मौलाना, ख्रिस्ती धर्मगुरू, ग्रंथी आणि भन्ते शेजारी शेजारी बसतात. दीपप्रज्वलन होते, प्रत्येक जण आपापल्या धर्मातील शांततेची शिकवण सांगतो, हातात हात गुंफून छायाचित्र निघते आणि अल्पोपाहारानंतर सभा पांगते. अशा सभांना 'देखावा' म्हणून हिणवणारे कमी नाहीत आणि त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा करणारेही कमी नाहीत. महाराष्ट्राचा गेल्या काही दशकांचा अनुभव मात्र या दोघांनाही चूक ठरवतो. सभा पांगल्यानंतर तीच माणसे पुन्हा केव्हा आणि कोणत्या कामासाठी भेटतात, यावर सभेचे मोल ठरते, असे हा अनुभव सांगतो.

आंतरधर्मीय मेळाव्यांना जागतिक प्रतिष्ठा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या निमंत्रणावरून २७ ऑक्टोबर १९८६ रोजी इटलीतील असिसी येथे विविध धर्मांचे प्रतिनिधी शांततेच्या प्रार्थनेसाठी एकत्र आले होते. फेब्रुवारीचा पहिला आठवडा आंतरधर्मीय सलोख्यासाठी पाळण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० मध्ये संमत केला. या प्रतीकांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु गल्लीच्या तोंडाशी जमाव गोळा होतो, तेव्हा प्रतीक कामी येत नाही. तेथे ओळख कामी येते.

भिवंडीचा धडा

याचे सर्वात बोलके उदाहरण मुंबईच्या वेशीवरच आहे. यंत्रमागांचे शहर असलेली भिवंडी मे १९७० मध्ये आणि पुन्हा मे १९८४ मध्ये दंगलीत होरपळली. १९७० च्या दंगलीची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. पुढे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्यांचा प्रयोग सुरू केला. दोन्ही समाजांतील सामान्य रहिवाशांना वस्तीनिहाय एकत्र बसवायचे, नियमित बैठका घ्यायच्या आणि त्यांत पोलीस शिपायालाही जबाबदारीने सामील करून घ्यायचे, असे त्याचे साधे स्वरूप होते. दंगल पेटल्यावर धावपळ करण्यापेक्षा शांततेच्या काळातच संबंध जोडावेत, हा त्यामागचा विचार.

त्याची परीक्षा डिसेंबर १९९२ मध्ये झाली. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ अशा दोन टप्प्यांत दंगल उसळली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यात ९०० जणांचा बळी गेला. भिवंडी मात्र शांत राहिली. यंत्रमागाच्या धंद्यात हिंदू आणि मुसलमान एकमेकांवर अवलंबून असल्याने असे घडले, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते अपुरे आहे. यंत्रमाग १९७० मध्येही होते आणि १९८४ मध्येही होते. १९९२ मध्ये नवे काय होते, तर वस्तीवस्तीत एकमेकांना नावानिशी ओळखणारी माणसे.

मुंबईने हा धडा उशिरा, पण घेतला. तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने १९९४ पासून मुंबईत मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. पोलीस आणि वस्तीतील तरुण यांना एकत्र आणणारे क्रिकेट सामने ही या चळवळीची ओळख बनली.

तारखेवरचा तोडगा

अशा संवादाचे फळ अलीकडेही दिसले. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद हे दोन्ही दिवस २८ सप्टेंबरलाच आले. एकाच दिवशी विसर्जनाची आणि ईदची मिरवणूक निघणे म्हणजे पोलिसांची झोप उडवणारी बाब. मुंबईत खिलाफत समितीने आपली मिरवणूक २९ सप्टेंबरला काढण्याचा निर्णय घेतला आणि राज्य सरकारने त्या दिवशी सुटी जाहीर केली. २०२४ मध्ये मिरवणूक १८ सप्टेंबरला, तर २०२५ मध्ये ८ सप्टेंबरला नेण्यात आली. त्याला अनुसरून मुंबईतील सुटीही बदलली गेली. या निर्णयासाठी ना मोठे भाषण लागले ना व्यासपीठ. सणापूर्वी एकत्र बसून तारीख ठरवण्याइतका परस्परविश्वास तेवढा लागला.

तथापि, हा विश्वास एकदा कमावला की कायमचा टिकतो, असे नाही. ज्या भिवंडीचे गोडवे गायले जातात, तेथेच जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगत पोलीस ठाणे बांधण्याच्या वादातून हिंसाचार उसळला. गोळीबारात दोघे मृत्युमुखी पडले आणि जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस शिपायांना प्राण गमवावे लागले. वाद दोन समाजांतील नव्हता, तो पोलीस आणि रहिवासी यांच्यातील होता. पोलीस आणि वस्ती यांच्यातील दुवा हाच तर मोहल्ला समित्यांचा गाभा. तो सैल झाला की काय होते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

आज आव्हान अधिक कठीण आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात समाजमाध्यमांवरील मजकुरावरून तणाव पेटला. मार्च २०२५ मध्ये नागपुरात पवित्र मजकूर असलेली चादर जाळल्याच्या अफवेनंतर जाळपोळ झाली आणि संचारबंदी लागू करावी लागली. पूर्वी अफवेला एका मोहल्ल्यातून दुसऱ्यात जायला काही तास लागत. आता ती क्षणात पोहोचते. अशा वेळी पलीकडच्या वस्तीतील ओळखीच्या माणसाला दूरध्वनी करून 'खरे काय घडले?' असे विचारता येणे, हाच सर्वात जलद उपाय ठरतो. तो क्रमांक ऐनवेळी शोधून सापडत नाही.

म्हणूनच शांतता समित्यांच्या कारभाराकडे पाहण्याची गरज आहे. सणाच्या तोंडावर बैठक, ठरावीक चेहरे, सूचनांचे वाचन आणि चहापान, असे स्वरूप राहिले तर ती निव्वळ औपचारिकता ठरते. अफवा ज्यांच्या हातातील मोबाइलवर आधी येते ते तरुण आणि दंगलीची झळ ज्यांच्या घराला आधी बसते त्या महिला या बैठकांत दिसायला हव्यात. नळाचे पाणी, कचरा, वाहतूक अशा रोजच्या प्रश्नांवरही दोन्ही वस्त्यांनी वर्षभर एकत्र बसायला हवे.

शांततेचा सोहळा जरूर साजरा व्हावा. मात्र तो पीक घरात आल्यानंतरचा सण आहे, हे विसरता कामा नये. पेरणी वर्षभर गल्लीतच करावी लागते.