मेंढीच्या ढेकराचा हिशेब पुरा मांडा!

मेंढी रवंथ करते, ढेकर देते आणि ढेकराबरोबर मिथेन हवेत सोडते. हे कुणी नाकारू नये. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाच्या २००६च्या ढोबळ हिशेबानुसार विकसित देशातली मेंढी वर्षाला ८ किलो मिथेन सोडते, विकसनशील देशातली ५ किलो.

म्हणजे माणदेशी धनगराची मेंढी सुटायला हवी. सुटत नाही! कारण माप लावलं जातं ते किलोभर मटणाचं. परदेशी कोकरू झटपट भरतं. दख्खनी कोकरू सावकाश वाढतं आणि तेवढे जास्त दिवस ढेकर देतं. झाला मेंढका आरोपी. वर सल्ला : मेंढ्या गोठ्यात कोंडा, मका नि पेंड घाला.

त्या मक्याला युरिया लागतो. युरिया पडलेल्या शेतातून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक आहे. जैविक मिथेन २७ पट. पाणी उपसायची वीज आणि पेंडीचा टेम्पो वेगळाच.

धनगरांचे वाडे दिवाळीनंतर निघतात, कुणी कोकणात, कुणी बागायती पट्ट्यात. कळप काढणीनंतरचा पाला, बांधावरचं गवत खातो. रात्री वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावून मेंढ्या शेतात बसवल्या की लेंड्या-मूत तिथेच मुरतं. शेतकरी त्यासाठी धान्य किंवा रोख मोजतो. लेंड्यांतूनही थोडा वायू निघतो, खरं आहे. पण पोत्यातलं खत तेवढं कमी लागतं. मटणाच्या किलोत याची नोंद कुठे आहे?

न्यूझीलंडकडे पाहा. १९८२ साली तिथे सुमारे ७ कोटी मेंढ्या होत्या, आज अडीच कोटींच्या आसपास. ढेकरांवरचा कर २००३मध्ये शेतकऱ्यांनी हाणून पाडला. २०२२मध्ये पुन्हा मांडलेली आकारणी २०२४मध्ये सरकारनेच गुंडाळली. तरी किलोमागचं उत्सर्जन घटलं, कारण शंभर मेंढ्यांमागे पूर्वी शंभरेक कोकरं मिळत, आता सव्वाशेहून जास्त. आई वर्षभर ढेकर देणारच. तिच्यामागे एक कोकरू जगतं की दोन, यावर आकडा फिरतो.

हा उपाय फलटणमध्येच तयार आहे. निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गरोल मेंढीतलं जुळ्यांचं जनुक वापरून 'नारी सुवर्णा' घडवली. मात्र जुळी जगायला आईला चारा हवा, आणि चराईबंदीचे फलक नेमके तिथेच आडवे येतात.

म्हणून मागणी सरळ आहे. हिशेबात खत धरा. कळपांच्या वाटा आणि गायरानं मोकळी ठेवा. आंत्रविषार, पीपीआर या रोगांच्या लसी वाड्यांच्या मुक्कामापर्यंत पोहोचवा : मेलेल्या कोकरामागे आईचा वर्षभराचा मिथेन फुकट जातो. गोठ्यांच्या अनुदानाचं त्यानंतर बोलू.