समुद्राचे गणित आणि एकच गणिती

आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरच्या शेतकऱ्याने समुद्राची चिंता करावी असे वरकरणी काही कारण दिसत नाही. त्याच्या घोडनदीचे पाणी भीमेला व कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते, एवढाच काय तो त्याचा आणि सागराचा संबंध. परंतु ज्या पुणे जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही, त्याच जिल्ह्यात, खडकवासल्यास, देशातील बंदरांच्या लाटा, भरती-ओहोटी आणि गाळ यांचे मोजमाप होत असते. 1916 साली मुंबई इलाख्याने सुरू केलेली आणि 1936 साली केंद्र सरकारकडे गेलेली ही जल व विद्युत संशोधन संस्था पुण्याचे भूषण होय. न्हावा-शेव्याच्या बंदराचा अभ्यास तिने केला, वाढवणच्याही केला.

अशी कामे बहुधा निविदा न मागविता, नाव नेमून दिली जातात. निरगुडसरच्या ग्रामपंचायतीला साधी मोरी बांधावयाची तरी दरपत्रके मागवावी लागतात, मग येथे ती का नकोत, असा प्रश्न कोणी केल्यास त्यास वेडगळ म्हणता येणार नाही. उत्तर मात्र आहे. बंदराची प्रतिकृती उभारून तीत भरती आणावयाची, लाटरोधक भिंतीवर लाटा आपटवून पाहावयाच्या, हे काम सर्वांत कमी दर देणाऱ्याच्या गळ्यात घालणे म्हणजे शस्त्रक्रियेसाठी स्वस्तातला वैद्य शोधण्यासारखे आहे. गाळाचा अंदाज चुकला की नौकामार्ग वर्षानुवर्षे उपसत बसावे लागते, आणि अभ्यासावर वाचविलेले पैसे त्या गाळात केव्हाच बुडतात. तेव्हा एकाच जाणत्याकडे जाणे हा स्वतः काही अपराध नव्हे.

परंतु नियमाने ही सूट दिली आहे ती अटींवर. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतील 194 वा नियम सांगतो की, सल्लागार नेमून घ्यावयाचा तर त्याचे संपूर्ण कारण आधी नस्तीवर लिहावे, सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी, दर वाजवी आहेत याची खात्री करावी आणि कामाचे तुकडे पाडू नयेत. मीरत महापालिकेच्या प्रकरणात 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही निविदा हा नियम आणि नामनियुक्ती हा विरळा अपवाद ठरविला. आमची तक्रार आहे ती त्या नस्तीविषयी. कारण लिहिले जाते कपाटासाठी. वाचावयास मिळत नाही. बहुधा ते 'तातडी' हेच असते. तातडीची किंमत काय असते हे 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटल्यावर पुणेकरांइतके कोणी मोजलेले नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ज्याला अनुभव त्यालाच काम, आणि ज्याला काम त्यालाच अनुभव, हे चक्र एकदा फिरू लागले की दुसरा जाणता तयारच होत नाही. आणि मग 'दुसरा कोणी नाही' हे कारण आपोआप खरे ठरते! त्यातून, अभ्यास मागविणारा प्रकल्पाचा मालक, पैसे देणाराही तोच आणि अहवाल प्रथम वाचणाराही तोच. संशोधकाच्या सचोटीबद्दल आम्हांस तिळमात्र शंका नाही. पण त्याला विचारावयाचे प्रश्न कोण ठरवितो?

वाढवणचेच पाहा. 76,220 कोटी रुपयांचा हा प्रकल्प केंद्रीय मंत्रिमंडळाने 19 जून 2024 रोजी मंजूर केला. 1,448 हेक्टर भराव आणि 10.14 किलोमीटर लाटरोधक भिंत समुद्रात उभी राहावयाची आहे. प्रवाह कोठे वळेल, किनारा कोठे खचेल, मासळी कोठे जाईल, हे पालघर-डहाणूच्या कोळ्याला आपल्या पोटाचे प्रश्न वाटतात. त्याला आकडेमोडीचे जाडजूड इंग्रजी ग्रंथ दाखवून गप्प बसविणे सोपे आहे. त्याचे समाधान करणे निराळे.

सरकारने एवढे तरी करावे: नामनियुक्तीचे कारण व मोबदला करार होताच प्रसिद्ध करावा, अहवालाचा सारांश मराठीत किनाऱ्यावरील गावांत पोचवावा, आणि मोठ्या भरावाच्या प्रत्येक कामी, मालकाशी देणेघेणे नसलेल्या दुसऱ्या संस्थेकडून, मग ती मद्रासची आयआयटी का असेना, पडताळणी करून घ्यावी. भिंतीचा पहिला दगड पाण्यात पडण्यापूर्वी हे व्हावयास हवे.